टाकीला नसलेला तडा

"सत्तावीस देतो मावशी. सध्या मार्केट नाही."

माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन, बशी खाली ठेवता ठेवता पहिल्या गिऱ्हाइकानं हा आकडा सांगितला. मी घराचे चाळीस लाख सांगितले होते. अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! म्हटलं, "अहो, सत्तावीसमध्ये पिंप्राळ्यात नुसती मोकळी जागा तरी येते का? का विटा मी फुकट देऊ?" तो आपला शांत. हसला, चप्पल घातली, "विचार करा" म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला. मी त्याची कपबशी एवढ्या जोरात विसळली की कान तुटला कपाचा.

जळगावातलं हे घर आम्ही दोघांनी बांधलं. आमचे हे पाइपच्या कारखान्यात शिफ्टला जायचे आणि मी कॉलेजच्या पोरांचे डबे करायचे. खालच्या दोन खोल्या त्यांच्या पगारातून झाल्या, वरची खोली आणि गच्ची माझ्या पोळ्यांतून. हे मी मिरवायला सांगत नाही, पण कुणी त्या घराला नाक मुरडलं की मला माझ्या पोळीला नाक मुरडल्यासारखंच वाटायचं. हे गेल्यावर काही वर्षं एकटीनं काढली. मग गुडघे बोलायला लागले, जिना नको वाटायला लागला, आणि धुळ्याची लेक रोज फोनवर तेच म्हणू लागली, "आई, आता इकडं ये."

जावई चांगला आहे, त्याचे आईवडीलही चांगले आहेत. पण लेकीच्या सासरी कायमचं जाऊन राहणं मला जमणारं नव्हतं. चार दिवस पाहुणी म्हणून ठीक. पुढं मग टीव्ही लावू का, भाजीत तिखट किती घालू, हे विचारत जगायचं? नाही बाप्पा. म्हणून लेकीनं देवपुरात, तिच्या घराच्या मागच्याच गल्लीत, तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट बघून ठेवला होता. बत्तीस लाखांचा. मालक ओळखीचे, म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबतो. म्हणजे माझं घर बत्तीसच्या वर गेलं, तर मला माझं स्वतःचं दार मिळणार होतं. खाली गेलं, तर लेकीच्या सासरची एक खोली. एवढा साधा हिशेब होता तो, आणि तो मी अगदी मोकळ्या मनानं एकाच माणसाला सांगितला होता. माझ्या धाकट्या भावाला.

भाऊ यावलला असतो. केळीचा व्यापार. आमच्या आबांपासून चालत आलेला. आबा गेल्यावर मी तहसील कचेरीत जाऊन हक्कसोड करून दिली, वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा भावाच्या नावे सोडला. आमच्याकडं बहिणी असंच करतात. साडी नेसवतात, ओटी भरतात, बहीण सही करते आणि माहेर शाबूत राहतं. सही करताना मला एक क्षणही काही वाटलं नाही, खरं सांगते. भाऊ तिथं बाकावर बसून लहान पोरासारखा रडला होता. मीच त्याला पदरानं डोळे पुसून दिले.

तर घर विकायचं ठरल्यावर व्यवहार भावानंच हातात घेतला. तो म्हणाला, "अक्का, फाटकाला पाटी लावू नको. बाईमाणसाच्या नंबरावर कोण कुठली माणसं फोन करतील. गिऱ्हाईक मी पाठवतो. तू फक्त घर दाखव, चहा पाज. शेवटचा आकडा मी बोलीन." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्यात सौदा बाई बोलत नाही. मेथीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला रडकुंडीला आणणारी मी, आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या व्यवहाराला आत जाऊन चहाचं आधण ठेवत होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

सत्तावीसवाला गेल्यावर मी लगेच भावाला फोन लावला. तावातावानं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, असं डोकं तापवून चालतं का? कुणी कमी बोललं तरी तोंडावर नाही म्हणू नये. मनात ठेव. सगळ्यांचं ऐकून घे, मग आपल्याला अंदाज येईल." मला ते पटलं. किती समजूतदार आहे आपला भाऊ, असंच वाटलं.

दुसरं गिऱ्हाईक पंधरवड्यानं आलं. टापटीप कपडे, हातात अंगठ्या. ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "मागच्या खोलीत कपाटाच्या वर गळतं ना पावसाळ्यात?" मी चाटच पडले. गळत होतं खरं. दोन पावसाळ्यांपूर्वी. मग मी ते दुरुस्त करून घेतलं, वरून रंग दिला, आता कुणाच्या बापाला कळणार नाही असं झालं होतं. मी कबूल केलं, "गळत होतं, आता नाही." तो म्हणाला, "एकदा गळलेला स्लॅब पुन्हा गळतोच हो." आणि पंचवीस बोलला. पंचवीस! पहिल्यापेक्षाही खाली!

यावेळी मला राग आला नाही. भीती वाटली. आणि तीच वाईट. रागात माणूस ताठ असतो. भीतीनं मी आपल्याच घरात परक्यासारखी फिरायला लागले. जिन्याची पायरी झिजलीये की. न्हाणीघर जुन्या पद्धतीचंच आहे. गल्ली अरुंद आहे, चारचाकी वळत नाही. इतकी वर्षं जे घर बघून मला बरं वाटायचं, त्यात मला नुसत्या खोडी दिसायला लागल्या. एकदा तर हार घातलेल्या फोटोतल्या आमच्या ह्यांनाच म्हटलं, "अहो, आपण काहीच धड बांधलं नाही का?" वेडी बाई.

आणि कळस बघा, मी भावाला फोन करून त्या माणसाचं कौतुक केलं! "अरे, काय नजर आहे रे त्या माणसाची! खोलीत गेलाही नाही, आणि ओट्यावरूनच सांगितलं कुठं गळतं ते."  भाऊ म्हणाला, "अनुभवी असतात ही माणसं. अक्का, मी काय म्हणतो, पस्तीस-चाळीसची आशा आता सोड."

फोन ठेवला आणि दळण निवडत बसले. निवडता निवडता माझा हात थांबला. खोलीत न जाता त्याला दिसलं कसं? पाहिलंच नाही, तर नजर कसली? त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गळतीचं माहीत होतं कुणाला? लेकीला मी सांगितलं नव्हतं, ती उगाच काळजी करत बसली असती. शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. गवंडी पाठवला होता भावानं. यावलहून.

मग आमच्या माहेरचं जेवणाचं पान आठवलं. आबा आणि भाऊ एकमेकांसमोर बसून जेवायचे आणि दिवसभराच्या सौद्यांच्या गोष्टी सांगत हसायचे. एखाद्याचा केळीचा बाग मनात भरला की आबा स्वतः आधी जायचे नाहीत. आधी एक माणूस पाठवायचे. तो घड हातात घेऊन तोंड वाकडं करायचा, माल बारीक आहे म्हणायचा, कमी भाव सांगून निघून यायचा. मग दुसरा जायचा, तो त्याहून कमी सांगायचा. बागवाल्याची झोप उडायची, माल तर कापणीवर आलेला. मग आबा जायचे. त्या दोघांपेक्षा थोडा वर भाव द्यायचे, आणि तो बिचारा आबांच्या पाया पडायचा. "देव भेटल्यासारखा पाया पडला रे!" असं म्हणून आबा हसायचे. भाऊ हसायचा. वाढताना मीही हसायचे. त्याच पैशावर माझं लग्न झालं, तेव्हा मी कुठल्या तोंडानं काही बोलणार! पण आपण कधी त्या बागवाल्याच्या जागी असू, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तरी मन मानेना. म्हटलं, नाही, आपला भाऊ असं करणार नाही. गवंड्यानं कुणाला सांगितलं असेल, जळगाव काय एवढं मोठं आहे का. भावावर असा संशय घ्यायची मला लाज वाटली. दोन दिवस मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग म्हटलं, लाज वाटते तर वाटू दे, एकदा खात्री करून घेऊ.

मी भावाला फोन केला. आवाज रडवेला केला, तो करायला फार कष्ट पडले नाहीत. म्हटलं, "भाऊ, आता एक नवीनच झालंय रे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला तडा गेलाय. कुणाला सांगू नको हं, नाहीतर गिऱ्हाईक पळेल." तो म्हणाला, "नाही सांगत, अक्का. तू काळजी करू नको."

टाकीला काही झालेलं नव्हतं. ती आमच्या ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, अशी भक्कम की तिच्यावर हत्ती बसवा. आणि तडा गेल्याचं मी भावाखेरीज कुणालाही सांगितलं नाही. लेकीला नाही, शेजारणीला नाही. मग वाट बघत बसले. तुम्हाला सांगते, मी अशी प्रार्थना आयुष्यात कधी केली नव्हती. देवा, पुढच्या गिऱ्हाइकाला टाकी दिसू देऊ नको. तो वीस बोलला तरी चालेल, पण टाकीचं नाव नको काढू देऊस.

तो आठवड्यानं आला. चाळिशीचा, कपाळाला गंध. पाणी प्यायला, घर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे. पण टाकीला तडा गेलाय ना? मोठा खर्च आहे तो."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग मात्र जो राग आला, जो राग आला! म्हटलं, "गेलाय की. चला दाखवते." भर दुपारी त्याला गच्चीवर नेलं. म्हटलं, "बघा." त्यानं टाकीभोवती फेरी मारली. "दिसत नाही ओ." "नीट बघा. मागच्या बाजूनं बघा. वाकून बघा." बिचारा घामाघूम होऊन गुडघ्यावर बसून बघायला लागला. मी सावलीत उभी. "अहो मावशी, नाहीये तडा." "असं कसं? ज्यानं तुम्हाला सांगितलं त्यालाच फोन लावून विचारा ना, नेमका कुठं आहे ते!" तो उठला. माझ्याकडं बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं. आकडाही न सांगता जिना उतरून गेला. मी तिथंच गच्चीवर तापलेल्या फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले. खालच्या गल्लीतली माणसं वर बघत होती. बघू देत म्हटलं.

भावाला मी काही बोलले नाही. नाही, मोठेपणा नाही त्यात. बोलले असते तर त्यानं मला गोड बोलून पटवलं असतं, आणि मी पटले असते. माझी मला खात्री होती. म्हणून आधी पाटी लावली. शेजारच्या पेंटरकडून लाल अक्षरांत, 'घर विकणे आहे', आणि खाली माझा नंबर. बाईमाणसाचा.

फोन येऊ लागले. आणि भाऊ म्हणाला होता ते एक खरं होतं, सगळे कमीच बोलायचे. कुणी अठ्ठावीस, कुणी तीस. एका पठ्ठ्यानं तर फोनवरच बावीस सांगितले, घर न बघता! पण आता मला भीती वाटत नव्हती. मला एक कळलं होतं. केळीचा घड झाडावर थांबत नाही, म्हणून तो बागवाला पाया पडतो. माझं घर थोडंच सडणार होतं! या पावसाळ्यात नाही तर पुढच्या. धुळ्याच्या फ्लॅटमालकांना मी स्वतः फोन करून सांगितलं, दिवाळी टळली तर महिनाभर थांबाल का? ते म्हणाले, थांबतो की, त्यात काय! एवढा साधा फोन मी आधी केला नव्हता, कारण सगळं भाऊ बघत होता. कमी भाव सांगणाऱ्याला मी आता रागानं उत्तर द्यायची नाही आणि घाबरूनही नाही. म्हणायची, "तुमचं तुमच्यापाशी बरोबर आहे, माझं माझ्यापाशी. चहा घेऊन जा." दोघं-तिघं तर चहा घेऊन खरंच वर आले. तेहेतीसपर्यंत.

मग एक बाई आली. एसटीत कंडक्टर, नवरा धुळ्याकडचा, तोही सोबत होता. त्या बाईनं घर असं बघितलं की माझंच मन भरलं. सगळे नळ सोडून बघितले. न्हाणीघराची मोरी बघितली. जिन्यावर चार वेळा वर-खाली केलं. खोडी काढल्या, पण ज्या होत्या त्याच काढल्या, आणि माझ्या तोंडावर काढल्या. तिचा नवरा म्हणाला, "घर चांगलं शे अक्का." तिनं त्याला डोळ्यानं दटावलं, सौद्याच्या आधी कुणी चांगलं म्हणतं का! मला हसू आलं. ती पहिल्यांदा एकतीसच बोलली. पण माझ्याकडं बघून बोलली, "आमचं आज एवढंच बसतं. कर्जाचं विचारून परत येते." ती परत आली. दोन वेळा आली. प्रत्येक वेळी थोडी वर चढली, मी थोडी खाली उतरले, आणि अडतीसला आम्ही दोघी थांबलो. तिनं विसाराचे पैसे दिले, मी तिच्या हातावर साखर ठेवली. दोन बायकांनी, चहा पिता पिता सौदा केला. आबांनी बघायला हवं होतं.

त्याच आठवड्यात भाऊ आला. पाटी काढून झाली होती, त्याला काही कळलेलं नव्हतं. नेहमीसारखा केळीचा फणा घेऊन आला, ओट्यावर बसला, घाम पुसला. मी पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अक्का, मी खूप विचार केला. बाहेरचे लोक लुबाडायला बसलेत. त्यापेक्षा घर घरातच राहू दे. पोराचं लग्न करायचंय, त्याला जळगावात घर पाहिजेच आहे. मी एकोणतीस देतो. सगळ्यांपेक्षा जास्त."

मी म्हटलं, "मी विसार घेतला."

"कितीला?"

"अडतीसला."

त्याचं तोंड पडलं. "मला न विचारता?"

"तुझ्या माणसाला टाकीचा तडा सापडला नाही ना, म्हणून."

 मला वाटत होतं, आता नाकारेल, कसला माणूस, कसला तडा म्हणेल. त्यानं नाकारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो हसला. ओशाळवाणं नाही, चक्क कौतुकानं हसला. "अक्का, तू पण आबांचीच पोर शोभतेस! अगं, यात मनाला लावून घ्यायचं काय? सौदा असाच होतो. आबांनीच शिकवलंय."

"आबांनी बहिणीशी केला होता असा सौदा?"

"आबांवर बहिणीचं घर घ्यायची वेळ आली नव्हती," तो म्हणाला. अगदी सरळपणे.

मग माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. नालायक म्हणाले, हे आठवतं. त्या दिवसांत मी माझ्या घराला किती नावं ठेवली, मेलेल्या नवऱ्याला काय बोलले, ते सांगितलं. मला लेकीच्या सासरी एका खोलीत बसावं लागलं असतं, आणि हे तुला माहीत होतं, एकट्या तुलाच माहीत होतं, असं म्हटलं. आणि शेवटी जे खरं होतं ते बोलून गेले. "भाऊ, तू नुसता या ओट्यावर बसून म्हणाला असतास ना, की अक्का, पोरासाठी घर पाहिजे आणि माझ्याकडं सत्तावीसच आहेत. तर मी दिलं असतं रे तुला. सत्तावीसला दिलं असतं. पाटल्या मोडल्या असत्या, जावयाकडून उसने घेतले असते, पण तुला नाही म्हटलं नसतं. मागायचं होतंस फक्त."

हे ऐकून तो खाली बघत राहिला. अंगठ्यानं ओट्याची फरशी घासत होता. मला वाटलं, लागलं याला. आता रडेल. खरं सांगते, माझा राग तिथंच अर्धा उतरला. असेना का चुकलेला, आपल्या पाठीवरचा आहे, असं मनात यायला लागलं. मी पदर पुढं घेतला.

त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते.

"विसार परत करता येतो, अक्का," तो म्हणाला. "दुप्पट द्यावा लागला तर तो मी भरतो. मग दे ना सत्तावीसला."

थट्टा करतोय की काय, म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो उत्तराची वाट बघत होता.